धुणंघरातलं भिजत घोंगडं

माणसाला आयुष्यात एखादं तरी पद असावं. टूरे सांडेलिनला ते होतं. गोथेनबर्गच्या मायोर्ना भागात, खालचा मजला दगडी आणि वरचे दोन लाकडी, अशा बारा बिऱ्हाडांच्या इमारतीत तो 'धुणंघराचा जबाबदार' होता. नोकरीत त्याच्याकडे नगरपालिकेच्या बागांमधल्या बाकांची नोंदवही होती. पण बाकांना कोण विचारतो? धुणंघराची गोष्ट वेगळी. तळघरात दोन मशीन, कपडे वाळवायचं एक उंच कपाट, चादरी दाबून सरळ करणारा दोन लाकडी रुळांचा एक जुना चरक, आणि या सगळ्या साम्राज्याची निळ्या फितीतली किल्ली टूरेच्या खिशात. सहा वर्षं तो बिनविरोध निवडून येत होता. ते काम दुसऱ्या कुणाला नकोच असतं म्हणून, असं त्याची बायको मार्गित म्हणायची. पण थोर माणसाची कदर घरात कधी होते?

या इमारतीत वर्षातली सगळ्यात मोलाची पाळी म्हणजे तेवीस डिसेंबरची, सकाळी सात ते दहा. नाताळचे लाल पडदे आणि टेबलावरचं भरतकामाचं कापड, चोवीसच्या संध्याकाळच्या मुख्य सणाच्या आदल्या दिवशी धुऊन खिडकीला लावलं नाही तर नाताळ आला असं कुणी मानत नाही. पाळी एक, घरं बारा; बाकीची घरं आधी कधीतरी धुऊन वेळ भागवतात. म्हणून सोसायटीचा जुना नियम होता: ज्या घरानं वर्षभरात धुणंघर सगळ्यात कमी वापरलं, त्याला ही पाळी. आणि हे मोजायला पहिल्या मजल्यावरच्या डागनीबाईंनी स्वतः भोकं पाडून केलेली एक फळी धुणंघराच्या भिंतीवर होती. बारा रांगा, प्रत्येक रांगेत एक लाकडी खुंटी. पाळी संपली की खुंटी एक भोक पुढे.

एक्केचाळीस वर्षं हे सुरळीत चाललं. गेल्या डिसेंबरात मात्र डागनीबाई आणि अंगणापलीकडे त्यांच्या समोर राहणारा रोलंड यांच्या खुंट्या एकाच भोकापाशी येऊन थांबल्या. रोलंड हा सोसायटीचा अध्यक्ष. तो म्हणाला, खुंटी पाळ्या मोजते, वेळ मोजत नाही. आपण एका पाळीत चार शर्ट धुऊन तासाभरात बाहेर पडतो आणि डागनी एका पाळीत पडद्यांचं अख्खं दुकान धुते. चर्चा झाली, मतदान झालं, ते समसमान पडलं, मग चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी टूरेनं उचलली. रोलंडची निघाली.

या गावात माणसं भांडत नाहीत, कागद चिकटवतात. चोवीसच्या सकाळी धुणंघराच्या दारावर कागद होता: 'प्रिय शेजाऱ्यांनो, माझी खिडकी पाहिलीत का? – डागनी.' सगळ्यांनी पाहिली. अंगणाभोवती घरोघरी कागदी चांदण्या आणि लाल पडदे, आणि मधोमध ती एक खिडकी उघडीबोडकी. आदल्या दिवशी न धुतलेले पडदे लावण्यापेक्षा त्यांनी पडदेच लावले नाहीत. आणि त्या दिवसापासून त्यांनी टूरेला 'काय कसं' म्हणणंही सोडलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई जिन्यात समोरून येते, तुमच्या आरपार पाहते आणि निघून जाते, हे किती लागतं ते ज्याला लागलंय त्यालाच माहीत. आधीचं 'काय कसं' तरी काय मोठं होतं? पण ते होतं.

टूरेनं ठरवलं, पुढच्या नाताळापर्यंत असं यंत्र करायचं की वादाला जागाच उरणार नाही. तोपर्यंत आयुष्यात त्यानं एकदा पक्ष्यांचं घरटं केलं होतं, आणि त्यात पक्षी आले नव्हते.

जानेवारीत वाचनालयातल्या मंगळवारच्या अभ्यासमंडळात त्यानं नाव घातलं. विषय होता नवशिक्यांसाठी प्रोग्रॅमिंग, तेही एका वेगळ्याच वळणाच्या भाषेतलं. शिकवायला एब्बा नावाची मुलगी यायची. ती विद्यापीठात याच भाषेवर संशोधन करत होती, सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती, आणि छातीशी झोळीत तिची चार महिन्यांची टूवा असायची. त्यामुळे सगळा वर्ग कुजबुजत शिकायचा. एब्बा डावा-उजवा पाय बदलत, डुलत, फळ्यावर लिहायची आणि तिच्याबरोबर नकळत सगळा वर्ग डुलायचा.

पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं ते टूरेच्या थेट काळजात गेलं. ती म्हणाली, ही भाषा सांगितलेलं काम लगेच करत नाही. 'हे असं असं काढायचं' अशी एक चिठ्ठी लिहून ठेवते, आणि कुणी उत्तर मागितलंच तर मग काढते. कुणी मागितलं नाही तर कधीच काढत नाही. म्हणून या भाषेत न संपणारी यादीसुद्धा लिहिता येते. आजपासून जगाच्या अंतापर्यंतचे सगळे दिवस, असं एका ओळीत लिहा. लागतील तेवढेच दिवस ती बनवेल.

टूरे घरी आला तो तरंगत. आपल्या स्वभावाला शास्त्राचा आधार आहे हे त्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं होतं. त्यानं मार्गितला सगळं समजावून सांगितलं. ती गॅलरीच्या दारापाशी उभी राहून ऐकत होती. त्या दाराची वरची बिजागरी दोन उन्हाळ्यांपासून निघालेली होती आणि टूरेनं ती 'करायची' यादीत कधीच घातली होती.

"म्हणजे जोवर कुणी मागत नाही तोवर काही करायचं नाही," मार्गित म्हणाली. "यासाठी मंगळवारी बाहेर कशाला जायला हवं? आणि मी तर मागितलंय, टूरे. चारदा."

फेब्रुवारीत त्यानं पाळ्यांचं कॅलेंडर लिहिलं. बाराही घरं आठवड्यामागून आठवडे फिरत राहतील, जगाच्या अंतापर्यंत. एका ओळीत. ती ओळ त्यानं मार्गितला मोठ्यानं वाचून दाखवली. मग कार्यालयात दुपारच्या कॉफीला जाताना तो ते कॅलेंडर छापायला टाकून गेला. किती छापायचं हे सांगायचं राहिलं. छपाईला शेवट लागतो आणि यादीला तो नव्हता, एवढीच गफलत. तो परत आला तेव्हा बाकांच्या नोंदणी विभागातला एकूण एक कागद संपला होता आणि पुढच्या दोनशे सेहेचाळीस वर्षांच्या धुण्याच्या पाळ्या जमिनीवर पसरल्या होत्या.

कागद वाया घालवणं या गावात पाप. टूरेनं तो गठ्ठा पाठकोऱ्या कागदांसाठी जिन्याखाली ठेवला. तिथेच चुकलं. चार दिवसांनी रोलंडचं पत्र आलं: कागद क्रमांक दोनशे ऐंशी पाहता, एकशे चाळीस वर्षांनी नाताळच्या आठवड्यात आपल्या बिऱ्हाडाची पाळी डागनीच्या बिऱ्हाडानंतर येते, हे मान्य नाही. तोवर आपण असणार नाही याची कल्पना आहे. प्रश्न तत्त्वाचा आहे. समितीच्या बैठकीत हा विषय पंचवीस मिनिटं चालला. शेवटी एकशे चाळीस वर्षांनंतरच्या पाळीचा निर्णय त्या वेळच्या समितीवर सोपवला.

त्याच बैठकीत यंत्राला परवानगी मिळायची होती. धुणंघराच्या दाराला इलेक्ट्रिक कुलूप होतं आणि प्रत्येक घराची किल्ली वेगळी ओळखू यायची. टूरेची कल्पना अशी, की कोण आत आहे हे प्रोग्रॅमनं कुलपाला विचारावं आणि त्या घराच्या नावावर वेळ चढवावा. तासांत, असं तो म्हणाला होता. रोलंड म्हणाला, तास ढोबळ, मिनिटं हवीत. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या कुणीसं म्हटलं, मिनिटातसुद्धा एकोणसाठ सेकंदांचा अन्याय होऊ शकतो. अन्याय हा शब्द एकदा उच्चारला की इथे कुणी मागे हटत नाही. सेकंद ठरले.

मग कुणाचं धुणं किती वेळ चाललं ही खाजगी माहिती आहे, म्हणून बारा घरांच्या बारा संमतिपत्रांवर सह्या आल्या. आगीच्या तपासनिसानं लॅपटॉप दाराशी ठेवू दिला नाही, म्हणून तो चरकावरच्या फळकुटावर गेला. लॅपटॉप कार्यालयातून निकालात निघालेला, पंधरा वर्षांचा, मेमरी बेताची. आणि शेवटी सातवा ठराव. तो रोलंडनं मांडला आणि सगळ्यांना तो इतका न्याय्य वाटला की टाळ्या वाजल्या: कुणाचा किती वेळ झाला हे वर्षभर कुणीही पाहायचं नाही, जबाबदारानंही नाही. नाही तर लोक आकडा बघून धुणं मागेपुढे करतील. आकडा विचारायचा तो एकदाच, नाताळाआधी दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत नेतात त्यातल्या दुसऱ्या रविवारी, सगळ्यांसमोर.

डागनीबाईंनी या ठरावाला मत दिलं नाही, विरोधही केला नाही. बैठक संपल्यावर त्या पेचकस घेऊन धुणंघरात गेल्या, आपली फळी भिंतीवरून काढली आणि काखेत मारून वर घेऊन गेल्या. टूरेनं धरू लागतो म्हटलं. त्या त्याच्या आरपार पाहून जिना चढल्या.

एक मार्चला यंत्र सुरू झालं. टूरेनं प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं वाक्य असं होतं: दर सेकंदाला, आत जो असेल त्याच्या घराच्या मागच्या आकड्यात एक मिळव. इतकं साधं, इतकं निर्दोष वाक्य त्यानं बाकांच्या नोंदवहीतही कधी लिहिलं नव्हतं.

एप्रिल, मे, जून यंत्र छान चाललं. जुलैत सगळे आपापल्या उन्हाळी घरी गेल्यामुळे आणखीच छान. सप्टेंबरात ते जरा जड झालं. कुलपानं किल्ली ओळखायला आधी क्षणही लागत नव्हता, आता माणूस कपड्यांची टोपली धरून दारात उभा राहू लागला. ऑक्टोबरात टोपली खाली ठेवून उभा राहू लागला. दारावर कागद आला: 'प्रिय जबाबदार, मी आत जायची वाट पाहत असताना माझा स्वेटर जुना झाला.'

सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाच्या मते तळघराच्या दमटपणानं यंत्राला सर्दी झाली होती. त्यानं शेजारी तांदळाची पिशवी ठेवायला सांगितली. टूरेनं ठेवली. दुसऱ्याच्या मते ते तापत होतं. त्यानं पंखा आणून दिला. त्या पंख्यानं तांदूळ उडाले आणि चरकातून निघणाऱ्या चादरींवर आठवडाभर तांदळाच्या दाण्यांची नक्षी उमटत राहिली. रोलंडनं सुचवलं की यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं. हा एकच सल्ला टूरेनं मानला नाही, आणि का मानला नाही ते सांगताना त्याच्याच तोंडचं पाणी पळालं: वर्षभराचं सगळं त्या यंत्राच्या मेमरीतच होतं. कुठे उतरवून ठेवायचं म्हटलं तर आकडा पाहावा लागला असता, आणि सातवा ठराव आडवा येत होता. त्यानं यंत्राच्या बटणावर कागद चिकटवला, 'हात लावू नये', आणि रोज कामावर जाताना खाली डोकावून पंख्याची घरघर ऐकून जाऊ लागला, जसं पाळण्यापाशी वाकून श्वास ऐकावा.

नोव्हेंबरात त्यानं अभ्यासमंडळात ही तक्रार एब्बाला सांगितली. टूवाला आता दाढा येत होत्या आणि ती आईचा पेन चावत होती. एब्बानं प्रोग्रॅमचा कागद वाचला आणि तिचं डुलणं थांबलं. तिनं विचारलं, मार्चपासून एकदा तरी यंत्राला एकूण किती झाले हे विचारलं का? टूरेनं ताठ मानेनं सांगितलं, अजिबात नाही, ठराव आहे.

"मग आजच विचार," एब्बा म्हणाली. "खरं तर रोज विचारायला हवं होतं."

टूरेनं अध्यक्षाकडे लेखी अर्ज केला. आकडा न बघता, डोळे मिटून, नुसता विचारू द्यावा. रोलंडनं तो समितीपुढे ठेवला. समितीनं, डोळे मिटले आहेत हे कोण तपासणार, असा प्रश्न उपस्थित करून अर्ज पुढच्या बैठकीवर टाकला. पुढची बैठक जानेवारीत होती.

तो रविवार उजाडला. दुपारी तीनलाच अंधारून आलं होतं. धुणंघरात दोन मेणबत्त्या लावल्या, चरकावर केशरी पाव आणि आल्याची पातळ बिस्किटं मांडली, गरम मसालेदार वाइनचं भांडं कपडे वाळवायच्या कपाटाच्या डोक्यावर उबेला ठेवलं. बाराही घरांची माणसं आली. डागनीबाई आल्या, दाराशी उभ्या राहिल्या, कोट काढला नाही. टूरेनं टाय बांधला होता. एब्बालाही बोलावलं होतं; ती टूवाला घेऊन मागे, सगळ्यात उबदार कोपऱ्यात होती.

टूरेनं दोन शब्द बोलायचे ठरवले होते, ते चारशे झाले. मग त्यानं यंत्राला प्रश्न विचारला: कोणत्या घराचा किती वेळ?

यंत्र आधी काहीच बोललं नाही. मग पंख्याचा आवाज चढला. मग तो इतका चढला की कुणीतरी बिस्किटांची बशी धरली. पडदा काळा पडला, त्यावर दोन ओळी आल्या, 'जागा संपली' एवढाच त्यांचा मतलब, आणि सगळं शांत झालं. त्या शांततेत फक्त टूवाचं बिस्कीट चोखणं ऐकू येत होतं.

टूरेनं बटण दाबलं. यंत्र पुन्हा उठलं, ताजंतवानं, हलकं, वर्षाची कुठलीही आठवण नसलेलं. बारा घरं, बारा शून्यं.

असं कसं झालं हे एब्बानंच सगळ्यांना सांगितलं, टूरेला ते जमलं नसतं. ती म्हणाली, यंत्रानं वर्षभरात एकदाही बेरीज केलेली नाही. कुणी मागितलीच नाही. प्रत्येक सेकंदाला त्यानं फक्त चिठ्ठी लिहिली: मागच्यात एक मिळव. मागचं म्हणजे काय? तीही चिठ्ठीच, तिच्या मागच्यात एक मिळव. अशा पन्नासेक लाख चिठ्ठ्या साठल्या. एक आकडा ठेवायला जेवढी जागा लागते तेवढ्यात वर्ष मावलं असतं, त्याऐवजी चिठ्ठ्यांनीच घर भरलं. आज तुम्ही शेवटची चिठ्ठी उघडली. ती उघडायला आधीची, तिला त्याच्या आधीची, आणि मार्चच्या पहिल्या चिठ्ठीपर्यंत पोचेपर्यंत एकही हातातून सोडता येत नाही. हात पुरले नाहीत.

"म्हणजे माझ्या गॅलरीच्या दारासारखं," मार्गित म्हणाली. पण हळू म्हणाली, आणि म्हणताना तिनं नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

टूरेनं खिशातून निळ्या फितीची किल्ली काढली आणि चरकावर, केशरी पावांच्या शेजारी ठेवली. राजीनामा देतो, असं तो म्हणाला. रोलंडनं किल्लीकडे पाहिलं आणि सांगितलं की तो विषय आजच्या कार्यक्रमपत्रिकेत नाही. राजीनाम्याची सूचना चौदा दिवस आधी लेखी द्यावी लागते. टूरेला राजीनामासुद्धा धड देता आला नाही. किल्ली त्यानं परत खिशात घातली. या गावात कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही, त्यामुळे अपमानही सगळे एकेरीतच होतात. ते पोटात घालून तो अंगण ओलांडून जिना चढू लागला.

पहिल्या मजल्यावर एक दार उघडं होतं.

"आत ये," डागनीबाई म्हणाल्या. "पायातलं काढ."

वर्षात पहिल्यांदा त्या त्याच्याशी बोलल्या होत्या. टूरेनं एका बुटाची नाडी सोडली, दुसऱ्याची तोडली. स्वयंपाकघराच्या टेबलावर कॉफी होती आणि टेबलामागच्या भिंतीवर, अंगणापलीकडचं धुणंघराचं दार नेमकं दिसेल अशा खिडकीशेजारी, ती फळी होती. बारा रांगा, बारा खुंट्या. रांगांच्या डोक्यावर आणखी एकेक मोठी खुंटी.

डागनीबाईंनी सगळं तीन वाक्यांत सांगितलं. कोणी आत गेलं की त्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहत, बाहेर आलं की जेवढे तास तेवढी भोकं खुंटी पुढे. साठ झाले की मोठी खुंटी एक भोक पुढे आणि लहान परत पहिल्या भोकात. गुरुवारी त्या पोहायला जात, तेव्हा आल्यावर त्या त्या घराची घंटी वाजवून विचारत.

"वर्षभर?" टूरेनं विचारलं. "आणि सातवा ठराव?"

"ठराव यंत्राचा होता. माझ्या स्वयंपाकघराचा नव्हता."

टूरे फळीसमोर उभा राहिला. कुठे चिठ्ठी नाही, कागद नाही, वही नाही. जो तास झाला तो त्याच वेळी खुंटीत गेला आणि विसरला गेला. आणि फळी फक्त आजपर्यंतची. उद्याच्यासाठी नुसती भोकं, उद्या येईल तेव्हा. त्यानं दहा महिने आणि एक टाय खर्चून जे केलं नव्हतं ते या बाईनं पेचकस आणि चोवीस खुंट्यांत केलं होतं. त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण खांद्यावरून ओली गादी उतरवल्यासारखं वाटलं. वर्ष हरवलं नव्हतं.

मग त्यानं आकडे वाचले, आणि पुन्हा वाचले. सगळ्यात कमी रोलंड, एक्क्याण्णव. त्याच्यानंतर डागनी. ब्याण्णव.

"मंगळवारी उशांचे अभ्रे धुतले," डागनीबाई कॉफी ओतत म्हणाल्या. "उगीच धुतले. बरे होते तसे."

टूरेची नजर खुंटीवर राहिली. एकच भोक. कुणी पाहिलेलं नाही.

"हात लावू नकोस," त्या म्हणाल्या.

त्यांनी फळी उतरवली, टूरेनं एका बाजूनं धरली, आणि एका पायात मोजा, दुसऱ्या पायात बूट अशा अवस्थेत तो खाली धुणंघरात आला. लोक अजून होते. वाइन संपली नव्हती. फळी चरकावर ठेवली गेली. एरवी असल्या फळीवर दीड तास चर्चा झाली असती, पण स्वतःच्या विरुद्ध जाणारा आकडा घेऊन माणूस आला की संशय घ्यायची सोय सोसायटीच्या नियमांत नाही. सगळे रोलंडकडे पाहू लागले. रोलंड फळीकडे पाहत होता. मंगळवारच्या त्या भोकावर त्यानं बोट ठेवलं, काढलं. त्याचा चेहरा चरकातून काढल्यासारखा सपाट झाला होता.

मग तो म्हणाला, पाळी आपली आहे, नियमानं आपली आहे, आणि ती आपण घेणार.

"पण मशीन दोन आहेत," तो म्हणाला. "गेला अख्खा नाताळ मी त्या बोडक्या खिडकीसमोर नाश्ता केलाय. मला पुन्हा नको."

डागनीबाईंनी विचार करायला एक पूर्ण बिस्कीट घेतलं. मग म्हणाल्या, दुसरं मशीन चालेल, पण त्यानं साडेनऊला वाळवायचं कपाट मोकळं करायला हवं. तो म्हणाला, पावणेदहा. त्या म्हणाल्या, घड्याळ माझ्याकडे आहे. आणि त्यांनी कोट काढला.

सोमवारपासून टूरे पुन्हा कामाला लागला. आधी पोळलेल्या माणसानं करावं तेच त्यानं केलं: प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीत 'आत्ताच्या आत्ता कर' असं घातलं. यंत्रानं आज्ञा शिरोधार्य मानली आणि जगाच्या अंतापर्यंतचे सगळे दिवस आत्ताच्या आत्ता बनवायला घेतले. चार मिनिटांत ते पुन्हा गारठलं. मंगळवारी एब्बानं ते वाचलं आणि बाळाला हिसका बसू नये म्हणून पोट धरून, आवाज न करता हसली. टूवा त्याच वेळी रडायला लागली. एब्बानं वाक्य अर्धं सोडलं, बाकावर बसली, तिला पाजायला घेतलं आणि मग कुजबुजत राहिलेलं सांगितलं. हिचं रडणं मला उद्यावर टाकता येत नाही. आणि हिचं लग्न आज लावून ठेवता येत नाही. बेरीज रडण्यासारखी आहे, टूरे. कॅलेंडर लग्नासारखं.

त्यानं 'आत्ताच्या आत्ता' फक्त एका ठिकाणी ठेवलं, बेरजेपाशी. बाकी सगळं होतं तसं आळशी राहू दिलं. सातवा ठराव रद्द करायचा अर्ज दिला; तो जानेवारीत मंजूर झाला. राजीनाम्याची चौदा दिवसांची लेखी सूचना द्यायचं मात्र त्याच्याकडून राहून गेलं, आणि कुणी मागितलीही नाही.

तेवीस डिसेंबरला साडेअकराला समोरासमोरच्या दोन खिडक्यांत लाल पडदे लागले. मार्गितनं ते गॅलरीतून पाहिले. गॅलरीचं दार आता एका बोटानं उघडत होतं.

नव्या वर्षी, ठराव रद्द झाल्यावर, धुणंघरात पहिली पाळी झाली, तीन तासांची. टूरे खाली गेला, यंत्राला विचारलं. पंख्याचा आवाजही झाला नाही. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. तीन तास, शून्य मिनिटं, बेचाळीस सेकंद. तो दारातून अंगणात आला, थंडीत नुसत्या सदऱ्यावर, आणि वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत, लाल पडद्याच्या फटीत, डागनीबाई उभ्या होत्या. त्यांनी तीन बोटं वर केली.

टूरेनंही तीन बोटं वर केली. डागनीबाईंनी मान हलवली, खुंटी सरकवायला आत वळल्या, आणि वळता वळता काच वाजवून ओठांनी काहीतरी म्हणाल्या. काचेतून आवाज आला नाही. पण ते 'काय कसं' होतं, याबद्दल टूरेला काडीचीही शंका नव्हती.